मठवासिनींचें जिणें आणि त्यांचें वाङ्मय

जुन्या जालन्यांत आज 'कॉन्व्हेंट' हा शब्द उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें पिंवळी बस, गळ्यांतील टाय आणि इंग्रजी कविता म्हणून दाखविणारें चार वर्षांचें पोर उभें राहतें. शब्दाचा हा प्रवास मोठा मौजेचा आहे. व्रतस्थ माणसांनीं एकत्र राहण्याचें घर हा ज्या शब्दाचा अर्थ, तो आमच्याकडे येतां येतां घर विसरला, व्रत विसरला आणि शाळा तेवढी लक्षांत ठेवून बसला. ह्यांत आमच्या लोकांचा दोष आहे असें नाहीं. ज्या ख्रिस्ती धर्मभगिनी आम्हांस दिसतात त्या शाळेंत शिकवितात किंवा रुग्णालयांत शुश्रूषा करतात. लोकांनीं त्यांस त्यांच्या कामावरून ओळखावें हें स्वाभाविकच होय. बरें, जालन्यास ख्रिस्ती धर्म अगदीं परका आहे असेंही नाहीं. रेव्हरंड नारायण शेषाद्रि ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत शहराजवळ 'बेथेल' नांवाची वसाहत उभारली होती. पण ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रॉटेस्टंट परंपरेचे. त्या परंपरेंत मठास जागा नाहीं. तेव्हां कॅथॉलिक पंथांतील एकांतवासी मठ, आणि त्या मठांत जन्म काढणाऱ्या स्त्रिया, ही वस्तु आमच्या बहुतेक वाचकांनीं पुस्तकांतच पाहिलेली असणार.

आणि खरी अडचण येथेंच आहे. कारण ह्या स्त्रियांविषयीं लिहिलेलें वाङ्मय जितकें विपुल आहे तितकेंच तें फसवें आहे. ह्या वाङ्मयाचे ढोबळ मानानें दोन संप्रदाय पडतात. एका संप्रदायास मठ म्हणजे कैदखाना वाटतो आणि मठवासिनी म्हणजे बापानें किंवा भावानें कोंडलेली अभागिनी. दुसऱ्यास मठ म्हणजे स्वर्गाची ओसरी वाटते आणि मठवासिनी म्हणजे जमिनीस पाय न लागणारी देवदूती. दोन्ही संप्रदायांचे लेखक भिंतीकडेच टक लावून पाहतात. एक तिला काळा रंग देतो, दुसरा सोनेरी. आमच्या मतें भिंतीची उंची ही ह्या विषयांतली गौण गोष्ट आहे. भिंतीआंत शिरतांना त्या स्त्रीनें दिलेला होकार तिचा स्वतःचा होता काय, आणि तो तिच्याच तोंडून आम्हांस ऐकूं येतो काय, ही ह्या वाङ्मयाची खरी कसोटी होय. ह्या कसोटीवर कांहीं ग्रंथ घांसून पाहावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ह्या जीवनाची ओळख करून घेऊं. मठांतला दिवस घंटेनें मोजला जातो. दिवसाचे ठराविक भाग पाडून त्या त्या वेळीं सर्वांनीं जमून स्तोत्रें म्हणावयाचीं, हा ह्या जीवनाचा कणा. पूर्वीं ह्या उपासना आठ असत. १९६३ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें त्यांतील 'प्राइम' ही सकाळची उपासना रद्द केली. दोन उपासनांच्या मध्यें काम : शिवण, भरतकाम, स्वयंपाक, बाग, आजाऱ्यांची सेवा, आणि ख्रिस्तयागासाठीं लागणाऱ्या भाकरीच्या पातळ चकत्या भाजणें. आविलाच्या तेरेसेनें सोळाव्या शतकांत सुधारलेल्या कार्मेल पंथांत रोज दोन तास मूक ध्यानाचे असतात आणि जेवणानंतर थोडा वेळ मोकळ्या बोलण्याचा; मात्र त्या वेळींही हात रिकामे ठेवावयाचे नाहींत, टकळी किंवा शिवण चालूच. उरलेला काळ मौन. भेटीस आलेल्या आईबापांशीं बोलावयाचें तें जाळीआडून. जिनसांची देवघेव भिंतींत बसविलेल्या फिरत्या लांकडी कपाटांतून, कीं देणाऱ्यास घेणारीचें तोंड दिसूं नये. ह्या सर्वांस तीन व्रतांचें बंधन : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन.

हें वाचून आमच्या वाचकांपैकीं एखादी गृहिणी कदाचित् हंसेल. पहांटे सर्वांच्या आधीं उठावें, दिवसभर रांधावें, शिवावें, आजाऱ्यांचें करावें, वडीलधाऱ्यांपुढें मौन पाळावें, स्वतःचें म्हणून एक पैसा जवळ बाळगूं नये, — ह्यांत नवल तें काय? आमच्या आज्या-पणज्यांनीं हेंच केलें, आणि जाळीही त्यांच्या माजघरास होतीच. ही शंका रास्त आहे. फरक एकच. मठाच्या दाराशीं त्या मुलीला, निदान नियमाप्रमाणें, 'तुझी इच्छा आहे ना?' असें विचारलें जातें. आज हें विचारणें एका दिवसाचेंही नाहीं. २०१८ सालीं रोमहून निघालेल्या नियमांप्रमाणें पहिल्या पायरीपासून अखेरच्या कायमच्या व्रतापर्यंत किमान नऊ वर्षें गेलीं पाहिजेत, आणि बारांहून अधिक जाऊं नयेत. ख्रिस्ती मराठींत ह्यास 'पाचारण' असा सुंदर शब्द आहे. बोलावणारा देव खरा. पण बोलावणें आलें तरी 'ओ' देणें हें ज्याचें त्याच्याकडे.

विचारण्याची ही रीति जुनी आहे. १५६३ सालीं ट्रेंट येथील धर्मसभेनें दोन गोष्टी एकदमच केल्या. स्त्रियांच्या मठांचें बाहेर न पडण्याचें बंधन तिनें पक्कें केलें. आणि त्याबरोबरच असाही नियम घातला कीं, मठाची वस्त्रें देण्यापूर्वीं आणि पुन्हां व्रत देण्यापूर्वीं बिशपानें मुलीची इच्छा स्वतः पडताळून पाहावी, सोळा वर्षांच्या आंत व्रत देऊं नये, आणि जो कोणी एखाद्या स्त्रीस बळानें मठांत घालील तो शापास पात्र व्हावा. एका हातानें भिंत उंच केली आणि दुसऱ्या हातानें दाराशीं पहारा बसविला. हा नियम मोठा उदार आहे; परंतु तो करावा लागला ह्यावरूनच उघड होतें कीं, मुलींस ढकलून आंत घालणारे बाप त्या काळीं थोडे नव्हते. थोरल्या मुलीच्या लग्नांत घरचें द्रव्य संपलें कीं धाकटीस देवाच्या पदरीं घालावयाचें, हा युरोपांतील खानदानी घराण्यांचा जुना हिशेब होता. मठांतही हुंडा द्यावा लागे. पण तो लग्नाच्या हुंड्याहून बहुधा कमी असे. वर साक्षात् देव असला तरी हुंडा चुकला नाहीं, हें वाचून आमच्या वाचकांस खेद वाटेल, आश्चर्य मात्र वाटूं नये.

ह्या जीवनाचें आम्हांस सर्वांत जवळचें असें मोठें उदाहरण गोव्यांत आहे. दिवाळीच्या सुटींत गोव्यास जाणारीं कुटुंबें आतां जालन्यांतही पुष्कळ. जुन्या गोव्यांत बॉम जेझूच्या मंदिरांत संत फ्रान्सिस झेवियरचा देह ठेवला आहे तो भाग तीं पाहतात आणि समुद्राकडे वळतात. त्याच गांवांतील 'मोंते सांतो', म्हणजे पवित्र टेंकडी, हिच्यावर एक तीन मजली, किल्ल्यासारखी भक्कम वास्तु उभी आहे. तिच्याजवळच संत ऑगस्टीनच्या भग्न मंदिराचा उंच मनोरा आहे; मनोऱ्याचें चित्र सर्वजण काढतात, वास्तूंत फार थोडे शिरतात. हाच सांता मोनिकाचा मठ. ऑगस्टीनची आई मोनिका, तिच्या नांवानें आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस ह्यांनीं तो १६०६ सालीं स्थापिला. बांधकाम १६२७ मध्यें पुरें झालें, १६३६ मध्यें वास्तु आगींत सांपडली आणि पुढच्याच वर्षीं पुन्हां उभी राहिली. पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलुखांतला स्त्रियांचा हा पहिला मठ. राजाश्रयामुळें त्यास 'राजमठ' म्हणत.

ह्या सालांकडे मराठी वाचकानें क्षणभर थांबून पाहावें. मठाची स्थापना झाली त्यानंतर दोन वर्षांनीं, १६०८ सालीं, आमच्या जालना जिल्ह्यांतील जांब गांवीं समर्थ रामदासांचा जन्म झाला. आणखी आठ वर्षांनीं, १६१६ मध्यें, गोव्यांतील राशोल येथें फादर स्टीफन्स ह्यांचें 'क्रिस्तपुराण' छापून निघालें. तें आमच्याच भाषेंत, आमच्याच ओंवी छंदांत. म्हणजे गोव्यांतला ख्रिस्ती धर्म पुराणिकाच्या आसनावर बसून मराठी बोलूं लागला होता. मठाच्या भिंतीआंत मात्र विधि लॅटिनमध्यें आणि व्यवहार पोर्तुगीजांत. तेथील व्रतस्थ स्त्रिया मुख्यत्वें पोर्तुगीज किंवा मिश्र वंशाच्या घराण्यांतल्या असत. एतद्देशीय स्त्री आंत होती ती बहुतांशीं दासी किंवा सेविका म्हणून. देवाच्या घरींही काळें मस्तकवस्त्र कोणाचें आणि पांढरें कोणाचें, हा पंक्तिभेद सुटला नव्हता. ह्या बाबतींत आम्ही गोव्याच्या मठास हंसावें अशी आमची स्थिति नाहीं.

पहिल्या मठाध्यक्षा फिलिपा फेरेरा ह्या विधवा होत्या. त्यांनीं फिलिपा दा त्रिंदादे हें नांव घेतलें, आणि त्यांची मुलगी मारिया हीही त्यांजबरोबर व्रतस्थ झाली. आरमारावर आणि लढायांत पुरुष पटापट मरत अशा त्या वसाहतींत विधवा आणि अनाथ मुली ह्यांचें काय करावें हा मोठा प्रश्न होता. त्यासाठीं आश्रयगृहें निघालीं, आणि त्यांच्या पलीकडची पायरी म्हणून हा मठ निघाला. तेव्हां ज्या स्त्रिया तेथें शिरल्या त्यांतल्या कोणी देवासाठीं आल्या, कोणी आसऱ्यासाठीं, आणि कोणी ह्या दोहोंतला भेद स्वतःशींही न करतां आल्या, असें मानणें भाग आहे. पुढें मठाकडे जमिनी आणि हुंड्याचें द्रव्य सांचूं लागलें, तेव्हां नगरसभेनें गाऱ्हाणें केलें कीं लग्नाच्या मुली आणि पैसा दोन्ही भिंतीआड नाहींसे होतात. तेथील सर्वांत प्रसिद्ध चमत्कार, क्रूसावरील ख्रिस्ताच्या मूर्तीनें डोळे उघडले हा, १६३६ चा. म्हणजे ह्या कलहाच्याच काळांतला. त्यावर श्रद्धा ठेवणें न ठेवणें हा ज्याचा त्याचा प्रश्न. टीकाकारानें इतकेंच नोंदवावें कीं, संकटाच्या काळीं त्या भिंतीआडून जगास जें ऐकूं आलें तें स्त्रियांचें बोलणें नव्हतें. तो चमत्कार होता, आणि तोही धर्मगुरूंनीं सांगितलेला.

ह्या मठाचा विस्तृत इतिहास १६९९ मध्यें लिस्बन येथें प्रसिद्ध झाला. लेखक फ्रेइ आगोश्तिन्यु द सांता मारिया हे ऑगस्टीनच्याच संप्रदायांतले. ग्रंथाच्या लांबलचक नांवांतच त्याची योजना दिसते : स्थापनेच्या वेळचे अद्भुत प्रकार, संस्थापिका मायलेकींचीं चरित्रें आणि सद्गुणांनीं नामांकित झालेल्या इतर मठवासिनींचीं चरित्रें. ग्रंथाचें ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. तो नसता तर ह्या स्त्रियांचीं नांवेंही आज उरलीं नसतीं. परंतु चरित्रवाङ्मय म्हणून ह्या जातीच्या ग्रंथांस एक असाध्य रोग जडलेला असतो. त्यांत सद्गुण आधीं ठरलेले असतात आणि व्यक्ति मागाहून त्यांत बसविली जाते. उपवास, जागरण, नम्रता, देहदंड, आणि शेवटीं सुगंधी मरण. एकीचें चरित्र दुसरीच्या नांवावर घातलें तरी वाचकास पत्ता लागूं नये. जिला मठ सोसला नाहीं, जी नुसतीच राहिली, जिनें चाळीस वर्षें भांडारांतील तांदूळ मोजले, तिला ह्या मालिकेंत जागा नाहीं. आमच्याकडील महीपतींच्या वळणावर लिहिणाऱ्या सामान्य संतचरित्रकारांसही हाच रोग जडला होता, हें ध्यानांत आणिलें म्हणजे ह्या पोर्तुगीज साधूवर रागावण्याचें कारण राहत नाहीं.

ह्याच्या नेमकें उलट टोंक म्हणजे दिदरोची 'ला रेलिज्यूज' ही फ्रेंच कादंबरी. ती १७६० च्या सुमारास लिहिली गेली आणि लेखकाच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनीं, १७९६ मध्यें, पुस्तकरूपानें निघाली. तिच्या मुळाशीं एका खऱ्या मठवासिनीचा खटला होता. मार्गरीत देलामार ह्या स्त्रीनें १७५८ सालीं व्रतांतून सुटका मागितली, आणि ती तिला मिळाली नाहीं. दिदरोनें तिच्या जागीं सुझान नांवाची नायिका कल्पून तिच्या तोंडीं सारी हकीकत घातली. ही कादंबरी आम्ही थोर समजतों. 'नाहीं' म्हणणाऱ्या मुलीच्या तोंडावर हात ठेवून 'हो' कसें वदवितात, हें तिच्याइतक्या निष्ठुरपणें क्वचितच कोणीं दाखविलें असेल. पण तिच्या उगमाची एक गोष्ट विसरतां येत नाहीं. नॉर्मंडींत जाऊन राहिलेल्या आपल्या एका मित्रास पॅरिसला परत आणण्यासाठीं दिदरो आणि त्याचे सोबती ह्यांनीं ह्या कल्पित मठवासिनीच्या नांवानें खोटीं पत्रें लिहिलीं, आणि त्या थट्टेंतून ही कादंबरी वाढली. म्हणजे येथेंही बोलणारी स्त्री दिसते, पण आवाज पुरुषाचाच. साधूनें तिच्या तोंडीं होकार घातला, तत्त्ववेत्त्यानें नकार. तिला स्वतःला काय म्हणावयाचें होतें हें दोघांनींही ऐकून घेतलें नाहीं.

तो आवाज ऐकावयाचा तर आविलाच्या तेरेसेकडे गेलें पाहिजे. ही १५१५ मध्यें जन्मली आणि १५८२ मध्यें वारली. १५६२ सालीं तिनें तेरा भगिनींची मर्यादा घालून सुधारलेल्या पंथाचें पहिलें घर काढलें. आत्मचरित्र तिनें आपल्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिलें, आणि तें कांहीं काळ धर्मन्यायालयाच्या ताब्यांत अडकून पडलें होतें. परंतु आज्ञेनें लिहिलें म्हणून तिची लेखणी आज्ञेंत राहिली नाहीं. बापाचें घर सोडतांना आपल्याला मरणप्राय यातना झाल्या, आणि देवावरच्या प्रेमापेक्षां नरकाच्या भयानेंच आपण त्या वेळीं निघालों, हें ती लपवीत नाहीं. शिस्त सुटलेल्या मठांत मुलगी ठेवण्यापेक्षां तिला हलक्या घरीं देणें बरें, असें ती आईबापांस बजावते. स्वयंपाकघरांत राबणाऱ्या भगिनींस ती सांगते कीं भांड्याकुंड्यांतही देव वावरतो. चमत्कार तिच्याही ग्रंथांत आहेत. पण त्यांच्या शेजारींच तिची डोकेदुखी, घराच्या भाड्याची विवंचना आणि अंगावर येणारा विनोद हींही आहेत. म्हणूनच तिच्या होकारावर आमचा विश्वास बसतो. तो एका दिवशीं दिलेला नाहीं. पहिल्या दिवशीं तर तो अर्धाच होता. उरलेला तिनें पुढें जन्मभर दिला.

तिच्याच पंथांतली लिझ्यूची तेरेज १८८८ सालीं, वयाच्या पंधराव्या वर्षीं मठांत गेली आणि १८९७ मध्यें चोवीस वर्षांची असतां क्षयानें वारली. तिच्या आठवणी 'एका जिवाची कथा' ह्या नांवानें १८९८ मध्यें निघाल्या आणि जगभर गेल्या. ह्या पुस्तकांतला गोडवा प्रथम आम्हांस अति वाटला, हें कबूल केलें पाहिजे. परंतु त्यांत मठाचा दिवस जसा दिसतो तसा अन्यत्र क्वचितच दिसेल. प्रार्थनेच्या वेळीं मागें बसलेली एक भगिनी कसला तरी बारीक आवाज करीत राहते आणि ध्यान करणारीच्या अंगास घाम सुटतो. धुणें धुतांना समोरची भगिनी मळकें पाणी तोंडावर उडविते आणि पुसण्यासाठीं वर आलेला हात ही मुलगी मागें घेते. वीस-पंचवीस स्त्रिया एका आवारांत जन्मभर राहणार म्हणजे तप कोठें लागतें, तें येथें कळतें. तें उपवासांत फारसें लागत नाहीं, शेजारणींत लागतें. आमच्या एकत्र कुटुंबांत नांदलेल्या कोणत्याही सुनेस हें पान समजावून सांगावें लागणार नाहीं.

आणि तरीही ह्या पुस्तकाच्या इतिहासांत एक डंख आहे. छापण्यापूर्वीं तिच्या सख्ख्या बहिणीनें, जी त्याच मठांत वडील होती, मजकुरावर शेंकडों ठिकाणीं हात फिरविला. तेरेजच्या मूळ वह्या जशाच्या तशा १९५६ मध्यें प्रसिद्ध झाल्या. अठ्ठावन्न वर्षें जगानें जो आवाज तिचा म्हणून ऐकला, त्यांत बहिणीचाही आवाज मिसळलेला होता. हेतु प्रेमाचा होता ह्यांत शंका नाहीं. पण प्रेमानें झांकलेलें तोंडही झांकलेलेंच असतें.

आतां स्वगृहीं येऊं. आमच्याकडे असे मठ नव्हते, म्हणून असें पाचारणही नव्हतें, असें समजणें चुकीचें होईल. तेराव्या शतकांत चक्रधरांनीं स्त्रियांस संन्यासाचें दार उघडलें, आणि महदंबा, बाइसा, आऊसा ह्या स्त्रिया गोदाकाठानें त्यांच्या मागें निघाल्या. गंमत अशी कीं, महानुभावांचा आचारधर्म ह्या ख्रिस्ती मठाच्या अगदीं उलट आहे. मठवासिनीनें एका जागीं राहून मरावें; महानुभाव संन्यासिनीनें एका जागीं राहूंच नये. एकीला भिंत, दुसरीला वाट. पण दोघींनींही घर सोडलें तें एकाच कारणासाठीं. 'लीळाचरित्र' लिहिणारे म्हाइंभट पुरुषच होते. तथापि ज्यांनीं प्रसंग पाहिले त्यांस विचारून त्यांनीं लीळा जमविल्या, आणि महदंबेचे प्रश्न, तिची चिकित्सा, तिचे रुसवेसुद्धां त्यांत राहूं दिले. लिस्बनच्या साधूस जें साधलें नाहीं तें म्हाइंभटांस चार शतकें आधीं साधलें. त्यावरून असें दिसतें कीं, लेखक पुरुष आहे कीं स्त्री हा प्रश्न दुय्यम आहे. तो आधीं ऐकतो कीं आधीं ठरवितो हा मुख्य आहे. महदंबेचे तर स्वतःचे 'धवळे' आहेत.

जांबच्या समर्थांच्या शिष्यांत वेणाबाई ही बालविधवा होती. तिनें 'सीतास्वयंवर' रचिलें, कीर्तनें केलीं आणि मिरजेचा मठ चालविला. वेरुळाजवळच्या देवगांवची बहिणाबाई तर संसारांतच राहिली. नवऱ्याचा मार खाऊन, मुलेंबाळें सांभाळून, तिनें तुकोबांचा ध्यास धरला, आणि आपल्या अभंगांतून आत्मचरित्र सांगितलें. तिला कोणीं दाराशीं उभी करून इच्छा विचारली नाहीं. लग्नाच्या वेळीं विचारली नाहीं आणि भक्तीच्या वेळीं तर विरोधच केला. तरी तिचा होकार तेरेसेच्या होकाराइतकाच स्पष्ट ऐकूं येतो, कारण तो तिनें स्वतःच उच्चारला.

येथें आम्हांस आमच्या घरांतली एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जुन्या जालन्यांतील आमच्या वाड्यांत आमच्या आजोबांची एक बहीण होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणत असूं. निजामी अमदानींत, वयाच्या तेराव्या वर्षीं, ती विधवा होऊन माहेरीं परत आली ती साठ वर्षें त्या वाड्यांतून फारशी बाहेर पडली नाहीं. पहांटे स्नान, देवपूजा, सोंवळ्याचा स्वयंपाक, दुपारीं वाती आणि पोथी, दिवेलागणीस स्तोत्रें. आषाढी एकादशीस आनंदी स्वामींच्या मंदिरांत जाई, तेवढेंच तिचें बाहेरचें जग. घरांत सर्वजण तिला 'मोठी विरक्त' म्हणत, आणि आम्हीही तसेंच समजत असूं. एकदां, ती फार थकल्यावर, आम्हीं भाबडेपणानें तिला विचारलें, "आत्याआजी, तुम्हीं देवाचाच मार्ग धरायचं कधीं ठरवलंत?" तिनें वात वळतां वळतां उत्तर दिलें, "मला कुणी विचारलंच नाहीं रे बाबा. विचारलं असतं तर काय म्हटलं असतं, तें आतां मलाही सांगतां यायचं नाहीं."

ह्या उत्तरानें आमची वर मांडलेली कसोटी कांहींशी डळमळली, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. ती पोथीवर प्रेम करीत होती ह्यांत तिळमात्र खोटें नव्हतें. आणि तिच्यावर जबरदस्ती झाली होती ह्यांतही नव्हतें. कोंडल्या जिण्यांतून खरी भक्ति उगवूं शकते. पण त्यामुळें कोंडणारा निर्दोष ठरत नाहीं. आणि कोंडणारा दोषी म्हणून ती भक्ति खोटीही ठरत नाहीं. दिदरोस ह्यांतील एक अर्ध कळलें, लिस्बनच्या साधूस दुसरें. दोन्ही अर्धें एकत्र धरील असा ग्रंथ सांता मोनिकाच्या स्त्रियांस मिळाला नाहीं, आणि आमच्या वाड्यावाड्यांतल्या सोंवळ्या स्त्रियांसही पुरता मिळालेला नाहीं. आमच्या कादंबरीकारांनीं विधवेचें दुःख पुष्कळ लिहिलें, तें लिहावयास हवेंच होतें. परंतु त्या दुःखाच्या आंत तिनें स्वतःसाठीं काय उभारलें, कोणत्या वेळीं ती देवाशीं भांडली आणि कोणत्या वेळीं खरोखर रमली, हें लिहितांना त्यांची लेखणी अडखळते. कींव केली कीं ऐकण्याचें काम संपलें, असा आमचा समज झालेला आहे.

सांता मोनिकाचा शेवट सांगून हा लेख पुरा करतों. १८३५ सालीं पोर्तुगीज सरकारनें गोव्यांतले पुरुषांचे धर्मसंघ मोडले. स्त्रियांस बाहेर काढलें नाहीं. मात्र नवी मुलगी घेण्याची बंदी झाली. म्हणजे मठ बंद केला नाहीं, त्यास आपोआप संपूं दिलें. पुढें पन्नास वर्षें तो मठ एकेका मृत्यूनें लहान होत गेला, आणि १८८५ मध्यें शेवटची मठवासिनी वारली. १९६४ पासून त्या वास्तूंत धर्मभगिनींच्या शिक्षणाची 'मातेर देइ' ही संस्था आहे, आणि मठाच्या मंदिरांत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय. तेथील सोन्यारुप्याचीं पात्रें आणि हस्तिदंती मूर्ति पाहण्यासारख्या आहेत.

त्या पन्नास वर्षांचें वृत्त कोणी लिहावें असें आम्हांस फार वाटतें. मठांत स्तोत्रें म्हणण्याची रीत अशी कीं, भगिनींच्या समोरासमोर दोन रांगा असतात. एक चरण ह्या रांगेनें म्हणावयाचा, पुढचा त्या रांगेनें. जसजशा रांगा विरळ झाल्या तसतसें हें कसें चाललें असेल? जिला बाहेर जाण्यास आतां कोणीही अडविलें नसतें, अशी ती अखेरची म्हातारी आंतच राहिली. ती होकारानें राहिली कीं संवयीनें, प्रेमानें कीं जाण्यास ठिकाण नव्हतें म्हणून, हें तिला कोणीं विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. गोव्यांत, वसईंत आणि मराठी ख्रिस्ती समाजांत अन्यत्र लिहित्या स्त्रिया आज आहेत. त्यांनीं हा प्रश्न हातीं घ्यावा. आणि आम्हां इतरांच्याही घरीं वाती वळीत बसलेली एखादी आत्याआजी अजून असेल, तर तिला तो वेळेवर विचारावा.